शेपूट, नग एक

शालिग्रामरावांना पहिला धक्का बसला तो भूगोलाच्या वहीवर. त्या साली मलकापुरात रद्दीच्या दुकानात रशियन मासिकांचा गुळगुळीत कागद स्वस्तात मिळत होता आणि गावातल्या निम्म्या वह्यापुस्तकांना त्याचीच कव्हरं चढली होती. त्यामुळे मलकापूरच्या पोरांच्या गणितावर ट्रॅक्टर, मराठीवर गव्हाच्या पेंढ्या आणि इतिहासावर डोक्याला रुमाल बांधलेल्या हसऱ्या बाया असत. शालिग्रामरावांच्या धाकट्या लेकीच्या भूगोलावर मात्र एक माणूस होता. तो पाण्यात आडवा होता, हात डोक्याच्या पुढे ताणलेले होते, आणि दोन्ही पाय मिळून जिथे संपायला हवे होते तिथे त्याला चांगलं दीड हात रुंद शेपूट होतं.

शालिग्रामरावांनी चष्मा पुसला. शेपूट गेलं नाही. खाली बराच मजकूर होता, पण तो रशियन भाषेत. शालिग्रामरावांना रशियन येत नव्हतं, मात्र न येणाऱ्या भाषेमुळे त्यांचं आजवर कधी अडलेलं नव्हतं. दोन पायांनी पोहण्याचे दिवस जगात संपले आणि मलकापूरला कोणी कळवलंसुद्धा नाही, एवढा अर्थ त्यांनी चित्रावरूनच काढला.

आता शालिग्रामरावांनी पोहण्याची एवढी चिंता का करावी, हे सांगायला हवं. ते एका जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होते. वय चोपन्न, पोट त्या मानाने थोडं पुढे. पण विशीत असताना त्यांनी पुरात पूर्णा नदी पोहून पार केली होती, आणि गेली तीस वर्षं ते ती वाचनालयाच्या ओट्यावर बसून आठवड्यातून एकदा तरी पुन्हा पार करत होते. दर वर्षी पूर्णेचं पात्र थोडं रुंद व्हायचं. अलीकडे तर त्यांना पलीकडे पोचायला चहाचे दोन कप लागत.

त्या संध्याकाळी भूगोलाची वही घेऊनच ते ओट्यावर गेले आणि पूर्णेच्या मध्यावर असतानाच भगवानराव वकिलांनी त्यांना अडवलं. भगवानराव त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, म्हणजे दया दाखवण्याचा प्रश्नच नव्हता.

"शालिग्राम," ते म्हणाले, "तीस वर्षं झाले, तू पूर्णा पोहून राह्यला आन् आम्ही ऐकून राह्यलो. आजपावतो एक साक्षीदार नाई आला समोर. एक डाव धरण पोहून दाखव आमच्यासमोर. नाई जमलं तं पूर्णेचं नाव पुन्हा या ओट्यावर काढाचं नाई."

शालिग्रामरावांकडून पूर्णा काढून घेतली तर त्यांच्याकडे उरत होतं काय? कापसाच्या गाठींचं रजिस्टर. घरात त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं, फॅक्टरीत त्यांना कोणी बोलू देत नव्हतं. चार माणसं मान डोलावतील अशी ती एकच गोष्ट त्यांच्या गाठीला होती.

"पंधरा ऑगस्टले," शालिग्रामराव म्हणाले. "झेंडावंदन झाल्यावर. दीड फर्लांग, आन् तेही हे लावून." आणि त्यांनी वही वर धरली.

शेवटचं वाक्य तोंडातून का गेलं हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. ओट्यावरचा प्रत्येक जण वहीवर वाकला. निवृत्त कंपाउंडर महादेवरावांनी चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि निदान केलं की रशियनांनी शेपूट चुकीचं बसवलं आहे. माशाचं शेपूट उभं असतं, डावी-उजवीकडे हलतं. हे तर आडवं आहे. यावर दीड तास चर्चा झाली. शेवटी आडवं शेपूट देवमाशाला असतं असं कोणीतरी काढलं, तेव्हा महादेवराव शालिग्रामरावांच्या पोटाकडे पाहून म्हणाले, "मंग बराबर हाये." शालिग्रामराव त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते धरणात पोहण्याची परवानगी आणायला एका कचेरीत गेले. आपल्याकडे काहीही बुडवायला परवानगी लागत नाही, पण तरंगायचं असेल तर अर्ज करावा लागतो. खिडकीमागे नारायणराव नावाचे कारकून होते. माणूस अतिशय सज्जन. त्यांनी अर्ज वाचला, पाणी पाजलं आणि सांगितलं की धरणात पोहायला सक्त मनाई आहे.

"मंग पाण्यात उतराचंच नाई काय कोणी?"

"उतरता येते न. मासे धरणाऱ्याले उतरता येते."

"पण मले मासे नाई धराचे."

"ते तुमच्यावर हाये," नारायणराव समजुतीने म्हणाले. "परवाना काढला म्हणजे मासे धरलेच पायजे असं नियमात कुठं लिहिलं?"

शालिग्रामराव माळकरी. आयुष्यात त्यांनी बोंबील लांबून पाहिला होता, तोही वाऱ्याच्या उलट्या बाजूने. पण पंधरा ऑगस्ट जवळ येत होता. फॉर्मात 'मासेमारीचे साधन' असा रकाना होता आणि त्यापुढे फक्त दोन शब्द छापलेले होते: जाळे, गळ. नारायणरावांनी खूप विचार केला. मोठ्या साहेबांना विचारून आले. साहेबांनी वही मागवली, शिपायानेही ती पाहून घेतली. शेवटी नारायणरावांनी दोन्ही छापील शब्द खोडले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'शेपूट, नग एक.' त्याखाली शिक्का मारला. आपण सरकारदरबारी कोळी झालो, या धक्क्यात शालिग्रामराव एस.टी. स्टँडपर्यंत छत्री न उघडता चालत गेले. पाऊस नव्हताच म्हणा, पण ते उन्हात नेहमी उघडत.

शेपूट मात्र अजून कागदावरच होतं. ओळखीच्या सुताराने प्लायवुडचं एक करून दिलं. ते न्हाणीघरातल्या हौदात घातल्यावर दोन तासांत पापडासारखं फुगलं आणि वेगळं झालं. शेजारच्या मंजुळाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काऊन हो सुभद्राबाई, भाऊजी मासोळी होऊन राह्यले म्हन्ते, खरं हाये काय?" शालिग्रामराव भिंतीच्या अलीकडेच उभे होते, हे मंजुळाबाईंना दिसत होतं.

सुभद्राबाई, म्हणजे शालिग्रामरावांच्या मंडळी, नवऱ्याच्या उद्योगांवर सहसा बोलत नसत. पण त्या दिवशी बोलल्या. "मलकापुरात कोनाले पान्यातलं समजते? आमच्या देऊळघाटले उकंडराव हायेत. तीन पिढ्या मोटा शिवल्या त्यायनं. तसाही धोंड्याचा महिना हाये, भाऊचं बलावनं आलंच हाये."

अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, पुरणाचे धोंडे खाऊ घालून, वाण देऊन त्याचा मान करायचा असतो. त्या महिनाभर जावई म्हणजे साक्षात देवच, आणि देवाला 'मला हे माहीत नाही' असं म्हणायची सोय नसते. पुढचं सगळं यातूनच झालं.

मेहुणे शंकरराव हे देऊळघाटचे मोठे बागायतदार. वांगी, मिरची, टोमॅटो, सगळं विहिरीच्या पाण्यावर. त्यांनी जावयाला पाटावर बसवलं, उकंडरावांना बोलावणं धाडलं. उकंडराव आले. साठीचे, कोरडे, बोटांना चामड्याचा रंग चढलेला. विजेचे पंप आल्यापासून सहा वर्षांत त्यांच्याकडे कोणी मोट, म्हणजे बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची पिशवी, शिवायला टाकली नव्हती. वहाणांचे अंगठे लावण्यावर आणि तबला-ढोलकीच्या चामडी वाद्या बसवण्यावर त्यांचं चाललं होतं. त्यांनी वही हातात घेतली आणि इतका वेळ पाहिली, की शालिग्रामरावांचे दोन धोंडे खाऊन झाले.

"हे पायात घालाचं?"

"पायात."

"आन् पान्यात जाचं?"

"पाण्यातच जायचं."

उकंडरावांनी शालिग्रामरावांच्या पायांचं माप घेतलं. टाचेपासून पोटरीपर्यंत, पोटरीपासून गुडघ्यापर्यंत, सुतळीला गाठी मारत. मग चवड्यांचा घेर. मग दोन्ही पाय जुळवून घेर. आयुष्यात शालिग्रामरावांच्या पायांकडे कोणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं. मग उकंडरावांनी तो एकच प्रश्न विचारला.

"याच्यात पानी थांबाले पायजे न जवाईबुवा?"

चित्र समोरून काढलेलं होतं. ते शेपूट पत्र्यासारखं सपाट आहे की पखालीसारखं पोकळ आहे, हे त्यात दिसत नव्हतं. शालिग्रामरावांना माहीत नव्हतं. समोर मेहुणा, मेहुण्याची बायको, दारात चार शेजारी आणि ताटात तिसरा धोंडा.

"अर्थात!" शालिग्रामराव म्हणाले. "थांबलंच पाहिजे."

"एक थेंब नाई गळनार," उकंडराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ते माळ्यावर सहा वर्षं जपून ठेवलेलं चामडं काढायला घाईघाईने घरी गेले.

आठ दिवसांनी शालिग्रामराव पुन्हा देऊळघाटला आले तेव्हा शंकररावांच्या विहिरीवर गाव लोटलं होतं. बाया टोपल्या घेऊन आल्या होत्या, म्हातारी माणसं घोंगड्या टाकून बसली होती. पावसाने तीन आठवडे ओढ दिली होती, पण आधीच्या झडीने विहीर निम्मी भरलेली होती. शालिग्रामरावांनी धोतर उतरवलं. खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. सासुरवाडीत इतक्या माणसांसमोर चड्डीवर उभं राहण्याचा प्रसंग कुठल्याही जावयावर येऊ नये. तशात धोंडे सकाळीच खाऊन झालेले. 'देवाच्या मानाला नाई म्हनू नये' म्हणून नऊ.

उकंडरावांनी शेपूट आणलं. काळंभोर, करंजीचं तेल पाजलेलं, वाद्यांनी दुहेरी शिवलेलं, आणि घाट तर थेट चित्रातला. फक्त टाचांच्या मागे त्याला एक भलं मोठं तोंड होतं आणि त्या तोंडाला लोखंडाचं कडं.

"हे कडं कशाले?"

"तोंड मिटाले नाई पायजे न. मिटलं तं पानी कसं शिरन?"

शालिग्रामरावांनी मनातल्या मनात चित्रात कडं शोधलं, सापडलं नाही. पण उकंडराव खाली बसून त्यांच्या पायांवर वाद्या आवळत होते, गाव बघत होतं, शंकररावांनी नारळ फोडला होता. आता 'थांबा' म्हणायची वेळ गेली होती. दोघातिघांनी त्यांना उचलून काठावर बसवलं, कारण दोन्ही पाय एकत्र बांधलेल्या माणसाला स्वतःच्या हिमतीने उडी मारता येत नाही, हे चित्रात दिलेलं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले, पूर्णामाईचं नाव घेतलं आणि स्वतःला सोडून दिलं.

ते पाण्यात पडले, वर आले आणि त्यांनी पायांचा पहिला फटका मारला. शेपटाने घटाघटा पाणी गिळलं. दुसरा फटका बसलाच नाही. मागे कोणीतरी भरलेला रांजण बांधावा तसे त्यांचे पाय जागच्या जागी राहिले आणि लोखंडी कड्याच्या वजनाने सावकाश खाली जाऊ लागले. शालिग्रामराव विहिरीत उभे झाले. नाकाएवढे वर उरले. सुदैवाने बंद पडलेल्या पंपाचा पाइप हाताशी आला आणि त्याला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली.

वरून उकंडरावांचा आवाज आला. त्यात काळजी होती, पण ती वेगळीच. "जवाईबुवा, गळते काय?"

"काढा!" शालिग्रामराव ओरडले. "काढा मले!"

दोन पोहणारे खाली उतरले. वाद्या सुटेनात. ओल्या चामड्याची गाठ ज्याने मारली त्यालाही सुटत नाही, आणि कापायला उकंडराव तयार नव्हते. शंकरराव म्हणाले छातीला दोर बांधा. उकंडराव म्हणाले, दोराने जावयाची कातडी सोलेल; कडं आहे, आणि कडं असतंच मोटेचा नाडा अडकवायला. हे सगळ्यांनाच पटलं. फक्त कडं कोणत्या टोकाला आहे, याचा विचार वरच्या कोणी केला नाही, आणि खालच्याचं कोणी ऐकलं नाही.

जुनं चाक अजून विहिरीवर होतं. नाडा आणला, बैल आणले, उकंडरावांनी स्वतः कासरा धरला. बैल उतारावरून निघाले. आणि शंभर दीडशे माणसांच्या समोर, धोंड्याच्या महिन्यात, देऊळघाटच्या जावयाचे पाय पाण्यातून आधी वर आले. मग पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आली. मग पोट, जे उलटं झाल्यामुळे छातीकडे आलं होतं. सगळ्यात शेवटी डोकं आलं. भरलेल्या मोटेच्या शेजारी शालिग्रामराव उलटे लोंबत होते आणि त्यांना आभाळाच्या जागी विहिरीचं पाणी आणि पाण्याच्या जागी सासुरवाडी दिसत होती. एक म्हातारा म्हणाला, "आस्ते हाना बे, सांडन!" तो पाण्याबद्दल बोलत होता.

वर आल्यावर मोट रिकामी व्हावी तसे ते थारोळ्यात, विहिरीच्या काठच्या दगडी कुंडीत, रिकामे झाले. पाणी खळाळत पाटाला लागलं, पाटातून वांग्यांत गेलं. शालिग्रामराव डोळे मिटून पडले होते आणि हसण्याची वाट पाहत होते. आता एवढं गाव हसणार, ते हसणं एस.टी.ने त्यांच्या आधी मलकापूरला पोचणार, आणि पूर्णा नदी कायमची गेली.

कोणीच हसलं नाही.

त्यांनी एक डोळा उघडला. सगळं गाव शेपटाभोवती गोळा झालं होतं. माणसं शिवण बोटांनी चाचपत होती.

"एक टाका नाई उसवला बे!"

"वर हे मानूस लटकलं होतं, तरी नाई."

"उकंडराव, मले एक पायजे. पंप जळून तीन हप्ते झाले, वायरमन येऊनच नाई राह्यला. मिरच्या वाळून चालल्या."

"मलेही एक. शेपटाचा घाट नको, सादीच करा."

"मंग माह्या आंदी कोनाची नको."

सहा वर्षांनी इतकी माणसं एकदम उकंडरावांशी बोलत होती, आणि ते नुसते ओल्या चामड्यावरून हात फिरवत उभे होते. शालिग्रामरावांना आयुष्यात बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. आपण उलटे टांगले गेलो, मरता मरता वाचलो, आणि आपल्याला कोणी हसतसुद्धा नाही! सुभद्राबाई तेवढ्या जवळ आल्या, अंगावर पंचा टाकला आणि म्हणाल्या, "उठा. वांग्याच्या वाटंत पडले तुमी, पानी अडून राह्यलं."

त्यानंतरचे दिवस शालिग्रामरावांनी मलकापुरात आजारी असल्याचं सांगून काढले. वाचनालयाच्या ओट्यावर ते फिरकले नाहीत. पंधरा ऑगस्टला सकाळीच भगवानरावांकडे जाऊन 'तुझंच खरं' म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. मनातल्या मनात ते वाक्य त्यांनी पुष्कळदा म्हणून पाहिलं. दर वेळी ते 'तुझंच'च्या पुढे जायचं नाही.

आणि तेरा तारखेला दुपारी दारात उकंडराव उभे. खांद्यावर गोणपाटाची गुंडाळी. पाणी प्यायले, चहाला नको म्हणाले आणि इकडे तिकडे पाहून त्यांनी दार लोटून घेतलं.

"जवाईबुवा, त्या दिसी म्या पाह्यलं," ते हळू बोलले. "तुमी पाय हानला, त्यानं पानी पेलं. जे पेते ते पळत नाई. मले चार दिस झोप नाई लागली." त्यांनी गुंडाळी सोडली. पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचं सपाट, लवचीक, पंख्यासारखं पसरत गेलेलं शेपूट होतं. आत बांबूच्या तासलेल्या पट्ट्या, बुडाशी जाड, कडेला कागदासारख्या पातळ. पायांसाठी मऊ चामड्याच्या दोन वहाणा, एकमेकींना जोडून शिवलेल्या, आणि त्यांना ओढताच सुटणारी गाठ. शालिग्रामरावांनी पाय घातले. सुतळीच्या गाठींनी घेतलेलं ते माप केसभरही चुकलं नव्हतं.

"उकंडराव, हे तं... हे तर रशियात नाई होणार!"

उकंडरावांनी मान खाली घातली. "याच्यात पानी थांबत नाई जवाईबुवा. एक थेंब नाई थांबत. माह्या आज्यानं, बापानं, म्या, आमच्या हातून अशी वस्तू कधी गेली नाई. आता गावात मोटा घालाले माह्याकडं मानसं येऊन राह्यली. कोनी इचारलं तं माहं नाव नका सांगू. हात जोडतो." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. शालिग्रामरावांना भरून आलं. ज्याचं श्रेय नको म्हणून माणूस हात जोडतो, असं काही त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःला तर न केलेल्याचंही चाललं असतं.

पंधरा ऑगस्टला धरणावर ओट्यावरची मंडळी हजर होती. भगवानरावांनी शेपूट हातात घेतलं, वाकवून पाहिलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "कोणी केलं हे?"

"रशियातून आलं," शालिग्रामराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खोटं बोलून स्वतःचा काही फायदा करून घेतला नाही.

साक्षीदारांसाठी एक डोंगा ठरवलेला होता. त्यात भगवानराव आणि महादेवराव बसले. पलीकडच्या काठावर पळसाचं झाड होतं, तिथपर्यंत जायचं. शालिग्रामराव पाण्यात उतरले, पाय जुळवले आणि भीत भीत कमरेपासून एक हेलकावा दिला.

पुढे जे झालं त्याला ते अजिबात तयार नव्हते. पाण्याने त्यांना मागून ढकललं. दुसऱ्या हेलकाव्याला काठ लांब गेला. तिसऱ्याला त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं आणि वर यायच्या ऐवजी ते आतल्या आत पुढे निघाले, हिरव्या उजेडातून, चोपन्न वर्षांचं पोट घेऊन, सरळ. कान सणसणत होते. पोटात भीती होती आणि त्या भीतीच्या वर आनंद होता, एवढा मोठा की तोंड उघडून ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर कथा इथेच संपली असती. श्वास घ्यायला ते वर येत तेही क्षणभर, नाकापुरते.

डोंग्यातल्यांना मात्र एवढंच दिसलं की शालिग्राम गेला. डोकं बुडालं ते बुडालं. महादेवराव उभे राहिले, डोंगा गरकन फिरला, त्यांचं तोंड भलत्याच दिशेला झालं. भगवानराव 'शालिग्राम, शालिग्राम' म्हणून ओरडत हातांनीच वल्हवू लागले आणि मदत आणायला त्यांनी डोंगा उलट अलीकडच्या काठाकडे नेला.

शालिग्रामराव पळसाखाली चिखलात पोटावर येऊन आदळले, तेव्हा तिथे धरणाचा चौकीदार बिडी ओढत बसला होता. बिडी त्याच्या हातातून पडली. ती पायाखाली विझवून त्याने परवाना मागितला. शालिग्रामरावांनी मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधलेला परवाना काढून दिला. त्याने तो अक्षर अक्षर वाचला आणि उठून फांदीला टांगलेल्या काट्याकडे बोट दाखवलं.

"चाला, वजन करा."

"कशाचं?"

"मासे धराचा परवाना हाये न? मंग पान्यातून जे निंगालं त्याचं वजन करूनच पावती फाडाची, असा हुकूम हाये. आन् तुमच्याबिगर तं काही निंगालंच नाई."

"मी माणूस हाये!" शालिग्रामराव गरजले. "हेडक्लार्क हाये! काट्याले हात लावला तं पाहा!" आणि ते शेपूट काखेत मारून पाठ फिरवून बसले.

पाऊण तासाने काठाकाठाने शोध घेत बैलगाडीतून भगवानराव आले. रडून डोळे सुजलेले, धोतर चिखलाने भरलेलं. मित्र जिवंत पाहून त्यांनी आधी मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला, मग चष्मा पुसला. आणि चष्मा डोळ्यांवर चढला तसे ते पुन्हा वकील झाले.

"जिवंत हायेस, देवाची कृपा. पण शालिग्राम, पाहिलं कोणी? आम्ही तं तुले बुडतानीच पाह्यलं. तू पाण्यातून आला का काठाकाठानं चालत आला, याले पुरावा काय? हा चौकीदार उद्या काही म्हणन. तोंडी हाये ते."

शालिग्रामरावांच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. दीड फर्लांग, हिरवा उजेड, तो आनंद. आणि ओट्यावर पुन्हा 'साक्षीदार कोण' म्हणणारं हेच तोंड. त्यांनी काट्याकडे पाहिलं. मग शिक्क्याच्या त्या पावतीपुस्तकाकडे पाहिलं. सरकारी शिक्क्यापुढे भगवानराव गेली तीस वर्षं कोर्टात मान तुकवत आले होते.

ते उठले, कमरेचा ओला पंचा नीट गुंडाळला आणि काट्याच्या आकड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले.

"कर बे वजन," ते म्हणाले.

चौकीदाराने पाय जमिनीला लागत नाहीत ना, हे वाकून पाहिलं. वजन अठ्ठ्याहत्तर किलो भरलं. मग त्याने मांडीवर पुस्तक घेऊन, जीभ बाहेर काढून, एकेक रकाना भरायला सुरुवात केली. पाण्यातून निघाल्याची तारीख, वेळ. साधन, शेपूट. नग, एक. माशाची जात, इतर. भगवानराव खांद्यावरून वाचत होते आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. शेवटच्या रकान्याशी चौकीदार थांबला.

"ताजा लिहू का शिळा?"

"चोपन्न वर्षांचा हाये तो!" भगवानराव कळवळून म्हणाले.

शालिग्रामराव अजून काट्यालाच लोंबकळत होते. त्यांनी मान वळवून मित्राकडे एकदा नीट पाहिलं.

"ताजा लिही," ते चौकीदाराला म्हणाले.